उजव्या पापणीमागची नोकरी

मित्रांनो, फाटक्या छत्रीचं, पडक्या शाळेचं, गंजलेल्या सायकलचं आत्मवृत्त तुम्ही परीक्षेत लिहिलं असेल. दहा गुणांसाठी माणूस कुणाच्याही मनात शिरतो. पण नसेचं आत्मवृत्त कुठल्या प्रश्नपत्रिकेत आल्याचं माझ्या ऐकिवात नाही. म्हणून म्हटलं, आपणच सांगून टाकावं.

तर मी एक जुनी नस आहे. वय बावन्न. जाडी सुतळीच्या एका पदराएवढी, लांबी तुमच्या करंगळीएवढी. मुक्काम ज्योतीराम नावाच्या गृहस्थांच्या कवटीत, उजव्या डोळ्याच्या मागे. पुस्तकात माझं नाव नेत्रप्रेरक चेता असं दिलेलं आहे. एवढ्या भारदस्त नावाने मला बावन्न वर्षांत कुणी हाक मारली नव्हती. नव्हती म्हणते, कारण एकदा मारली. ती हकिगत पुढे येईल.

मेंदूतून थेट निघणाऱ्या आम्ही बारा बहिणी आणि प्रत्येकीला पलीकडच्या बाजूला एक जुळी. मी तिसरी. पहिली वास घेते. दुसरी पाहते, आणि जगातलं डोळ्यांबद्दलचं सगळं कौतुक तिच्या एकटीच्या वाट्याला येतं. आठवी ऐकते आणि घरात कुणी काय बोललं ते आम्हाला कळवते. तिच्यामुळेच मी तुम्हाला संवाद सांगू शकते. माझं काम हमालीचं. डोळा हलवायला सहा स्नायू असतात, त्यातले चार माझ्याकडे. एक चौथीकडे, एक सहावीकडे. एकेका स्नायूसाठी एकेक स्वतंत्र नस! आमच्या घरातही काही नेमणुका ओळखीवर झाल्या असाव्यात. चार स्नायूंशिवाय पापणी उचलणं माझ्याकडे. जवळचं बघताना भिंग फुगवणं माझ्याकडे. आणि उजेड आला की बाहुली आवळून लहान करणं, तेही माझ्याकडेच. साप्ताहिक सुट्टी नाही. ज्योतीराम झोपले की पापणीचं काम थांबतं, पण ते स्वप्न बघायला लागले की डोळे पुन्हा इकडून तिकडे पळवावे लागतात. हा ओव्हरटाइम कुठे लिहिला जात नाही.

माझा जन्म कळंब तालुक्यातल्या एका खेड्यात झाला. ज्योतीरामांचाही तिथलाच. बाहेर आल्यावर पहिलं काम पापणी उचलायचं होतं, ते मी केलं. समोर कंदील होता, म्हणून बाहुली आवळली. सुईण म्हणाली, "पोराची नजर चांगली आहे." श्रेय दुसरीला गेलं. तेव्हाच मला नोकरीचं स्वरूप कळलं.

चोवीस वर्षांपूर्वी आम्ही सगळ्या ज्योतीरामांच्या डोक्यातून एस.टी.ने चाकणला आलो. कुरुळीत एक खोली भाड्याने घेतली, पुढे तीच विकत घेतली. महाळुंग्याला गाड्यांचे दिवे बनवणारी एक कंपनी आहे, तिथे ज्योतीराम आधी हेल्पर लागले आणि मग फोर्कलिफ्ट चालवायला शिकले. फोर्कलिफ्ट म्हणजे पुढे दोन लोखंडी दात असलेली ठेंगणी गाडी. लाकडी फळ्यांवर रचलेला माल त्या दातांवर उचलायचा आणि रॅकवर चढवायचा. वर बघा, खाली बघा, दातांच्या टोकाकडे बघा, लगेच तीस फुटांवरच्या माणसाकडे बघा. म्हणजे सगळं काम माझंच. ज्योतीराम फक्त सीटवर बसायचे.

बारा वर्षं त्यांनी ती गाडी चालवली आणि कशालाही साधा ओरखडा येऊ दिला नाही. काचेचे दिवे, कागदासारखे नाजूक खोके, आणि मधूनच मोबाईलमध्ये बघत चालणारे ट्रेनी. सगळ्यांना त्यांनी सुखरूप ठेवलं. म्हणून या वर्षी असं ठरलं की चार मार्चला, सुरक्षा दिनाच्या कार्यक्रमात, 'सर्वात सुरक्षित चालक' म्हणून त्यांचा सत्कार करायचा. ही बातमी जानेवारीतच फुटली. ज्योतीरामांनी नवा शर्ट शिवायला टाकला.

आता एक गोष्ट खासगीत सांगते. कंपनीच्या दवाखान्यात डोळे तपासायचा एक तक्ता आहे. वर मोठी अक्षरं, खाली येत येत बारीक. तो तक्ता अकरा वर्षं बदललेला नव्हता. त्यामुळे सगळ्या चालकांना त्याची शेवटची ओळ पाढ्यासारखी पाठ होती: र, ग, भ, त, ध, म. नवा चालक लागला की त्याला हेल्मेट, बूट आणि ती ओळ मिळायची. हेल्मेट आणि बूट कंपनी द्यायची, ओळ गणराज द्यायचा. गणराज हा कुरुळीचाच, ज्योतीरामांच्या बरोबरीचा चालक. "मामा, नजर असंल नसंल, वळ आली पायजे," हे त्याचं तत्त्व. एका वर्षी रंगकामानंतर तक्ता चुकून उलटा टांगला गेला होता. त्या वर्षीही सगळे पास झाले.

फेब्रुवारीत माझ्या शेजारी गडबड सुरू झाली.

मेंदूच्या तळाशी मी जिथून बाहेर पडते तिथे एक रक्तवाहिनी माझ्या अगदी अंगाला लागून जाते. बावन्न वर्षांचा शेजार. कधी भांडण नाही. पण ज्योतीरामांना बीपीचा त्रास होता आणि गोळी घेण्याचा त्यांचा नियम साधा होता: डोकं दुखलं तर घ्यायची, नाही दुखलं तर गोळी वाचली. भरीला तंबाखू. या सगळ्या दाबाने शेजारणीच्या भिंतीला एका जागी फुगवटा आला. आधी ज्वारीच्या दाण्याएवढा, मग हरभऱ्याएवढा. आणि हा हरभरा माझ्या अंगावर टेकला.

मित्रांनो, माझी रचना अशी की बाहुली आवळणारे बारीक धागे माझ्या सालीजवळ, अगदी बाहेरच्या बाजूला आहेत. त्यामुळे बाहेरून कुणी दाबलं की पहिला मार त्यांना बसतो. उजवी बाहुली हळूहळू मोठी होऊ लागली आणि उजेडातही तशीच राहू लागली. माझ्यापुरती ही मोठी ओरड होती. माझ्याकडे तोंड नाही. माझ्याकडे एक काळा ठिपका आहे, तो मी मोठा करून दाखवला. पण बघणार कोण? ज्योतीराम दाढीच्या आरशात गालाकडे बघायचे. त्यांच्या पत्नी कस्तुराबाई तव्याकडे बघायच्या. कंपनीच्या गेटवर यंत्र ओळखपत्राकडे बघायचं.

मग भुवईमागे दुखायला लागलं. मग चार स्नायूंची ताकद कमी झाली आणि डोळा माझ्या ऐकण्यात राहीना. चौथीला आणि सहावीला रान मोकळं मिळालं. त्यांनी तो खाली आणि बाहेर, कानाच्या दिशेने ओढायला सुरुवात केली. बिचाऱ्यांना तेवढंच येतं. एक डोळा समोर आणि एक भलतीकडे, म्हणून ज्योतीरामांना एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. ताटात दोन भाकरी. दारात दोन कस्तुराबाई. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही.

आणि चार दिवसांनी माझ्या हातून पापणीही सुटली. उजवी पापणी अर्ध्यावर आली, मग डोळ्यावरच आली. झालं काय, की डोळा झाकला गेल्यामुळे दोन दोन दिसायचं बंद झालं. ज्योतीरामांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मला वाटलं, आता तरी हे घाबरतील. आणि त्यांना वाटलं, आपण बरे झालो.

कस्तुराबाईंना मात्र पापणी दिसली.

"ओ, डोळ्याला काय झालंय तुमच्या?"

"झोप नाही. थर्ड शिफ्ट चालू आहे की."

"थर्ड शिफ्ट दोन्ही डोळ्याला असती. एकालाच कशी?"

कस्तुराबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून नजर काढली. मिरच्या विस्तवावर टाकल्या तर असा ठसका उठला की शेजारच्या तीन खोल्या खोकत बाहेर आल्या. नजर लागलेली असली तर ठसका उठत नाही, असं म्हणतात. तेव्हा कस्तुराबाई डोळे पुसत म्हणाल्या, "नजर नाही ही. दवाखान्यात चला."

"चार मार्च होऊ दे," ज्योतीराम म्हणाले.

"चार मार्चला काय सोनं वाटायलेत?"

"आत्ता डॉक्टरनं डोळ्याचं काही लिहिलं, की गाडीची चावी काढून घेतील. बारा वर्षांचं नाव आहे, कस्तुरा. स्टेजवर जाऊन येतो एकदा, मग ने कुठं न्यायचं ते."

कस्तुराबाईंनी हट्ट सोडला. बारा वर्षं त्यांनीही डबा भरला होता.

शेजारी हरभऱ्याची सुपारी होत चालली होती. सुपारी फुटली असती तर काय झालं असतं, हे मला माहीत होतं. तुम्हालाही एवढं सांगते की मग माझी गोष्ट सांगायला मी राहिले नसते.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात कंपनीची वार्षिक तपासणी आली. माझी सगळी आशा तिच्यावर. डोळे तपासणार होते! तपासनीस मुलगा गळ्यात कार्ड अडकवून आला. समोर साठ माणसांची रांग. तो म्हणाला, "उजवा झाका, वाचा." ज्योतीरामांनी डाव्या डोळ्याने ओळ म्हटली. "डावा झाका." ज्योतीरामांनी भुवई ताणून पापणी जराशी वर घेतली आणि तक्त्याकडे तोंड करून ओळ म्हटली. एका वेळी एकच डोळा उघडा, तर दोन दिसणार कसे? आणि दिसले काय, न दिसले काय. र, ग, भ, त, ध, म. मुलाने फॉर्मवरून मान वर न करता विचारलं, "काही त्रास?" ज्योतीराम म्हणाले, "नाही." त्याने शिक्का मारला: फिट.

डोळ्यांची तपासणी झाली, आणि बाहुलीकडे कुणी बघितलं नाही. मी बावन्न वर्षांत एवढी निराश कधी झाले नव्हते.

आता आम्रपालीबद्दल सांगायला हवं. आम्रपाली ही पिंपरीची. तिचे वडील नागसेन पिंपरीतल्याच एका कारखान्यात लेथ मशीनवर काम करून निवृत्त झाले. ही मुलगी दिव्यांच्या शेवटच्या तपासणीवर बसते. गाडीचा डावा दिवा आणि उजवा दिवा काळ्या पडद्यासमोर शेजारी शेजारी ठेवायचे, उजेड द्यायचा, काढायचा, पुन्हा द्यायचा. दोन्हींत काडीचा फरक दिसला तर जोडी पुढे सोडायची नाही. दिवसाला चारशे जोड्या, नऊ वर्षं. तिच्या खिशात लाल टॅगांचा गठ्ठा असतो. लाल टॅग लागला की तो माल कुणी हलवायचा नाही, मोठ्या साहेबांनीसुद्धा नाही. टॅग काढायचा तो लावणाऱ्यानेच, कारण सापडल्यावर. हा नियम मोठ्या साहेबांनीच केला होता आणि भिंतीवर स्वतःच्या सहीने लावला होता.

दोन मार्चला ज्योतीराम तिच्या विभागात माल घेऊन आले. एकाच डोळ्याने अंतर नीट कळत नाही. गाडीचे दात फळीच्या खाली जायच्या ऐवजी शेजारच्या ट्रॉलीला भिडले. टक्कर नाही, नुसता ठक् असा आवाज. पण ट्रॉलीला टेकून आम्रपाली उभी होती.

"मामा! कुठं बघताय?"

"तुझ्याकडंच की गं."

ज्योतीरामांनी भुवई ताणून पापणी जराशी वर घेतली, तशी ती खाली वाकून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. "माझ्याकडं एकच बघतोय. दुसरा गेटकडं बघतोय."

मागून गणराज ओरडला, "आगं, मामा डोळा मारायला शिकल्यात! सत्कार हाय ना परवा, सराव चाललाय."

सगळे हसले. ज्योतीरामही हसले, हसण्याचं खातं सातव्या बहिणीकडे आहे आणि ती ठणठणीत होती. आम्रपाली हसली नाही. ती पलीकडच्याच टेबलावरच्या सुरक्षा अधिकाऱ्याकडे गेली. दिग्विजय सर वयाने लहान आणि फायलींनी मोठे होते.

"सर, ज्योतीराममामांचं काहीतरी बिघडलंय. गाडीवरून उतरवा."

त्यांनी फाईल उघडून दाखवली. "परवाच फिट आलेत. दोन्ही डोळे उत्तम. तुला वाटतं म्हणून मी सर्वात सुरक्षित चालकाला उतरवू? सुरक्षा दिनाच्या तोंडावर?"

मला आठवीने हे सगळं कळवलं, तेव्हा पहिल्यांदा मला थोडं बरं वाटलं. कुणीतरी बघितलं होतं.

चार मार्चला कंपनीच्या अंगणात मंडप. पायऱ्यांवर फुलं, शपथेचे फलक. एका बाजूला रुग्णवाहिका उभी. तिच्यात प्रात्यक्षिकासाठी एक कापडी बाहुला स्ट्रेचरला पट्ट्यांनी बांधलेला. समोर चारशे माणसं. ज्योतीराम नव्या शर्टात. डोकं सकाळपासून असं ठणकत होतं की त्यांनी बीपीच्या दोन गोळ्या एकदम घेतल्या होत्या, वाचवलेल्या होत्याच.

नाव पुकारलं गेलं. टाळ्या झाल्या. मोठे साहेब स्मृतिचिन्ह घेऊन पुढे झाले. झाकल्या डोळ्याने सत्कार कसा घ्यायचा, म्हणून ज्योतीरामांनी मान मागे टाकली, भुवई ताणली आणि पापणी बोटाने अलगद वर केली. त्यासरशी समोर दोन मोठे साहेब आले, दोघांच्या हातात एकेक काचेचं स्मृतिचिन्ह. ज्योतीरामांनी नम्रपणे डाव्या साहेबांच्या हातातलं घेतलं. नेमके ते साहेब तिथे नव्हते.

काच फरशीवर पडून फुटली.

मंडपात हशा. निवेदक म्हणाला, "मामा भावूक झालेत!" पुन्हा टाळ्या. फोटोसाठी आधी बक्षीस मिळालेल्यांनाही स्टेजवर बोलावलं. त्यात आम्रपाली होती. ती ज्योतीरामांच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि व्हिडिओवाल्याने मोठा दिवा लावला.

मित्रांनो, सवय ही मोठी गोष्ट आहे. दिवा लागला की या मुलीची मान आपोआप जोडी बघायला वळते. ती ज्योतीरामांकडे वळली आणि म्हणाली, "मामा, ती पापणी तशीच धरा. हलू नका." हातातलं प्रमाणपत्र तिने त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. अंधार. काढलं. उजेड. पुन्हा धरलं, पुन्हा काढलं. डाव्या बाजूला माझी जुळी प्रत्येक वेळी बाहुली टिचकीसरशी आवळत होती. उजव्या बाजूला मी जीव एकवटून ओढत होते आणि काही हलत नव्हतं. माझा काळा ठिपका रुपयाच्या नाण्यासारखा मख्ख उघडा.

"जुळत नाही," आम्रपाली म्हणाली.

"काय जुळत नाही?" मोठे साहेब.

"डावं-उजवं, सर. डावी बाहुली उजेडात लहान होते. उजवी होतच नाही."

दिग्विजय सर दबक्या आवाजात म्हणाले, "आम्रपाली, कार्यक्रम होऊ दे. नंतर बघू."

तिने खिशातून लाल टॅग काढला, पेनने दोन शब्द लिहिले आणि ज्योतीरामांच्या ओळखपत्राच्या फितीला गाठ मारून बांधला. चारशे माणसांसमोर. मोठ्या साहेबांनी वाकून वाचलं: 'जोडी विजोड.' खाली छापलेलं होतंच, तपासल्याशिवाय पुढे पाठवू नये.

साहेब हसायला लागले. "अगं, हा नियम दिव्यांना आहे."

"दिव्याला आहे तर माणसाला का नाही, सर? सही तुमचीच आहे खाली."

साहेबांचं हसू अर्ध्यावर राहिलं. ज्योतीराम काकुळतीला आले होते. "पोरी, सोड की. बारा वर्षं झाली. आजच्या दिवशी नको."

"मामा, खरं सांगा. साहेब किती दिसतात?"

खाली काचेचे तुकडे पडले होते, ज्योतीराम त्यांच्याकडे बघत राहिले. तेही त्यांना दुप्पट दिसत असणार.

"दोन," ते म्हणाले. "पंधरा दिवस झाले. सगळं दोन दोन दिसायलंय, साहेब. आणि डोकं फुटतं की काय असं दुखायलंय."

गणराज पहिल्या रांगेतून उठून आला आणि त्याने ज्योतीरामांना धरून खाली बसवलं. "मामा, आमी हसत व्हतो वो," एवढंच तो म्हणाला. "आमास्नी काय म्हाईत न्हाई."

रुग्णवाहिका तयारच होती. फक्त बाहुला काढायचा होता. पण प्रात्यक्षिकाची तयारी इतकी चोख झाली होती की त्याच्या पट्ट्या सुटेनात. शेवटी गणराजने त्या कापल्या आणि बाहुल्याला मोठ्या साहेबांच्या खुर्चीवर बसवून ठेवलं. पुढचा अर्धा तास कार्यक्रम त्याच्याच अध्यक्षतेखाली होता.

वाटेत कुरुळीच्या फाट्यावर कस्तुराबाई चढल्या. त्यांनी टॅग बघितला, वाचला आणि काढला नाही. पुढे ट्रेलरच्या रांगेत सायरन नुसता ओरडत राहिला. ज्योतीराम म्हणाले, "कस्तुरा, मी तुला सांगायला पायजे होतं." त्या म्हणाल्या, "बोलू नका. डोकं हलतंय." आणि त्यांच्या कपाळावर हात ठेवून बसल्या. मी त्या हाताखाली बरोबर दोन इंच आत होते. मला कधी एवढी भीती वाटली नव्हती.

मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टरीणबाई आल्या. नाव स्वरूपा. त्यांनी कागद मागितला नाही, ओळ म्हणायला लावली नाही. पापणी उचलली, विजेरीचा उजेड टाकला आणि डोळ्यात बघितलं. चार सेकंद. मग शेजारच्या नर्सला म्हणाल्या, "नेत्रप्रेरक चेतेवर बाहेरून दाब आहे. स्कॅन. आत्ता."

ऐकलंत? मला नावाने हाक मारली! प्रसंग आनंदाचा नव्हता, तरी सांगते, मला भरून आलं.

पुढचं थोडक्यात. मांडीतल्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी वरपर्यंत आणून, त्या फुगवट्यात केसासारख्या तारेची गुंडाळी भरली आणि तो आतून बंद केला. शुद्धीवर आल्यावर ज्योतीरामांनी पहिला प्रश्न विचारला, "डॉक्टर, ती स्प्रिंग कुठल्या कंपनीची? आपल्या चाकणला होते का?" डॉक्टरीणबाईंनी कस्तुराबाईंना बाजूला घेऊन सांगितलं की अजून आठ दिवस असेच गेले असते तर कदाचित काही करता आलं नसतं. टॅग आम्रपालीने स्वतः येऊन काढला. नियमाप्रमाणे कारण लिहून घेतलं.

गाडीची चावी मात्र परत मिळाली नाही. ज्योतीराम आता नव्या चालकांना शिकवतात. पहिल्याच दिवशी त्यांनी कंपनीच्या दवाखान्यात जाऊन तक्त्याची गोष्ट सांगून टाकली. गणराज आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही. नवा तक्ता आला, अकरा चालकांना चष्मे लागले, त्यात गणराज एक. नव्या तक्त्याची शेवटची ओळ सध्या मोबाईलवर फिरते आहे, असं आठवी म्हणते.

राहिली मी. वरचा भार गेला, पण चिरडलेले धागे एका रात्रीत सरळ होत नाहीत. दीड महिन्याने पापणी अर्धी उचलली. अडीच महिन्यांनी डोळा मधोमध आणला. दोन कस्तुराबाईंची पुन्हा एक झाली. बाहुली मात्र हलेना. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, "ती येईलच असं नाही. वाट बघायची."

कस्तुराबाई वाट बघत बसणाऱ्यांतल्या नव्हेत. दवाखान्यात नर्स दर तासाला काय करते, ते त्यांनी नीट पाहून ठेवलं होतं. घरी आल्यापासून रोज सकाळी त्या ज्योतीरामांना पूर्वेच्या उंबऱ्यावर बसवतात, स्वतः समोर बसतात, त्यांच्या डोळ्यांवर तळहात धरतात आणि काढतात. पहिल्या दिवशी दोघंही लाजली. एकोणतीस वर्षांच्या संसारात एकमेकांच्या डोळ्यात इतका वेळ बघायची वेळ आली नव्हती.

"किती बघतीस गं?"

"गप बसा. तुमच्याकडं नाही, बाहुलीकडं बघायले."

मेच्या शेवटी एका सकाळी त्यांनी हात काढला, आणि मी ओढलं. रोजच्यासारखंच. त्या थोड्या पुढे झाल्या. हात पुन्हा धरला, पुन्हा काढला.

"हलली," त्या म्हणाल्या.

"किती?"

"तिळाएवढी. आतल्या बाजूनं."

"मग बरं होत आलं म्हणायचं का?"

"उद्या बघू."

मित्रांनो, मागणं फार नाही. बीपीची गोळी वाचवू नका. ती वाचते आणि तुम्ही वाचत नाही. पापणी अचानक पडली, एकाचे दोन दिसले, तर सत्काराची वाट न बघता दवाखाना गाठा. आणि आपल्या माणसाच्या तोंडाकडे दिवसातून एकदा, उजेडात, नीट बघत जा. आम्ही आतून जेवढं सांगता येईल तेवढं सांगत असतो.

आज ढग आहेत, ऊन कमी आहे. तरी कस्तुराबाई येऊन बसल्या आहेत. त्यांनी हात धरला आहे. आता काढतील. मी तयार आहे.